हिरवा स्राव, कोलिस्टिनचा अहवाल आणि एक टक्का ॲसेटिक ॲसिड : मधुमेही पायाच्या जखमेचे एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. मधुमेही पायाच्या जखमांत पुन्हा पुन्हा दिसणारा एक नमुना इथे एका रुग्णाच्या रूपात मांडला आहे. वय, मापे आणि तपासण्यांचे आकडे त्या नमुन्याला साजेसे घेतले आहेत. औषधांची तीव्रता, ती तयार करण्याची रीत आणि त्यांचे धोके मात्र प्रत्यक्षात आहेत तसेच दिले आहेत.

रुग्ण आला तेव्हा

मराठवाड्यातले ५८ वर्षांचे शेतकरी, मधुमेह ११ वर्षांपासून. उजव्या तळपायावर, अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे चार महिन्यांची जखम. सुरुवात घट्ट्यापासून झाली. कडक कातडीखाली रक्त साकळले, एक दिवस ती फुटली आणि खाली खड्डा निघाला. दुखत नव्हते, म्हणून पेरणी आटपेपर्यंत कोणी लक्ष दिले नाही.

चार महिन्यांत जखमेवर बरेच काही लावून झाले होते. आधी दगडीपाल्याचा रस आणि हळद. मग रोज हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस आणि त्यावर पोव्हिडोन आयोडीन. मग प्रतिजैविकाची पावडर. तिचे जखमेत खडे झाले होते. पोटातून घ्यायच्या प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले. शेवटी जखमेवर कापसाची काडी फिरवून नमुना तपासायला पाठवला, तेव्हा अहवाल आला : स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू, कोलिस्टिन हे प्रतिजैविक सोडून बाकी सगळ्यांना प्रतिरोधक. घरच्यांनी तो कागद पुढे करून विचारले, "डॉक्टर, इंजेक्शन आजच सुरू करायचं का?"

या प्रश्नाचे उत्तर कागदावर नव्हते, पायावर होते.

तपासणी

जखम ३.४ × २.६ सें.मी., खोली ०.६ सें.मी. तळाशी पिवळी चिकट मृत ऊती, कडेला पांढरा जाड घट्टा. स्राव पातळ आणि हिरवट, पट्टीवर निळसर-हिरवा डाग, गोडसर कुबट वास. भोवतीची लाली अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. सूज नाही, ऊब नाही, घट्ट पू नाही, ताप नाही.

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) दोन्ही तळपायांना जाणवला नाही. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची थरथर घोट्यापर्यंत कळली नाही. बोथट निर्जंतुक सळई जखमेत घातली, ती हाडाला टेकली नाही. एक्स-रे स्वच्छ होता, पण हाडातला जंतुसंसर्ग एक्स-रेवर उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढायचा असे तेव्हाच लिहून ठेवले. ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ४८. (तो ७० च्या वर असता तर हाडाबद्दलचा संशय बराच वाढला असता.) क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) १.६, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) १०.२ टक्के.

रक्तपुरवठा पाहिल्याशिवाय जखम साफ करायच्या पात्याला हात लावायचा नसतो. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.४२ आले. आकडा दिसायला झकास, पण मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते, धमनी दाबली जात नाही आणि गुणोत्तर खोटेच चढते. त्यामुळे अंगठ्याचा दाब मोजला. तो ६८ मि.मी. पारा निघाला. ३० च्या खाली असता तर या प्रकरणाचा पुढचा रस्ता रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेला असता आणि वरून लावायच्या औषधांची चर्चाच संपली असती.

अहवाल काय सांगतो

कापसाची काडी पृष्ठभागावरून फिरवली की पृष्ठभागावर राहणारे जंतू सापडतात. चार महिन्यांच्या ओल्या जखमेवर स्यूडोमोनास सापडणे हे पडीक विहिरीत शेवाळ सापडण्यासारखेच. जंतुसंसर्ग झाला की नाही हे डोळ्यांनी आणि हाताने ठरते : सूज किंवा कडकपणा, अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त लाली, दुखणे किंवा दाबल्यावर वेदना, ऊब, पू. यांपैकी किमान दोन खुणा असतील तर जंतुसंसर्ग म्हणायचे. इथे ओढूनताणून एक भरत होती.

कोलिस्टिनच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. त्याचा रेणू मोठा असतो, प्रयोगशाळेतल्या थाळीत तो नीट पसरत नाही. म्हणून थाळीवर औषधाची चकती ठेवून केलेली कोलिस्टिनची चाचणी भरवशाची नसते. त्यासाठी औषध द्रव माध्यमात टप्प्याटप्प्याने पातळ करून तपासावे लागते. हा अहवाल चकतीचा होता. म्हणजे ज्या एका औषधाचा आधार कागदाने दिला होता तोही कच्चाच. त्यात कोलिस्टिन मूत्रपिंडाला त्रास देते आणि या रुग्णाचे क्रिएटिनिन आधीच १.६.

निर्णय झाला : प्रतिजैविक नाही, ना शिरेतून ना पोटातून. नमुना पुन्हा घ्यायचा तर जखम साफ करून, तळातल्या ऊतीचा खरवडून घ्यायचा. काडीच वापरावी लागली तर धुतलेल्या जखमेच्या १ चौ. सें.मी. भागावर दाब देऊन, आतला द्रव वर येईल अशी फिरवायची. निर्णय कधी बदलायचा तेही त्याच वेळी ठरवून घरच्यांना लिहून दिले : लाली २ सें.मी.च्या पुढे गेली, ताप आला, साखर अचानक उसळली, पायाला सूज आली, दाबल्यावर चरचर आवाज आला किंवा जखमेत हाड दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना. अशा वेळी प्रतिजैविक लागतेच, कधी शस्त्रक्रियाही. वरून लावायचे कोणतेही द्रावण त्याला पर्याय नाही.

मग द्रावण तरी कशाला?

प्रश्न रास्त आहे. मधुमेही पायासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की जखम भरावी म्हणून जंतुनाशके, जंतुनाशक पट्ट्या किंवा मध वापरू नका. आमच्या मते ही सूचना बरोबर आहे आणि आपल्याकडे सर्रास धाब्यावर बसवली जाते. जखम लवकर भरते म्हणून द्रावण लावायचे नाही. या रुग्णाला ते हवे होते ते दुसऱ्या आणि लहान कामासाठी : वास थांबवणे, स्राव आटवणे आणि साफ केलेल्या तळावर जंतूंचा चिकट थर लगेच पुन्हा बसू न देणे. त्याला मुदत घातली होती, जास्तीत जास्त दोन आठवडे.

निवड करताना हाताशी काय काय होते ते पाहू.

पोव्हिडोन आयोडीन १० टक्के पू आणि रक्तात निष्प्रभ होते, नव्या पेशींनाही बाधते. कॅडेक्सोमर आयोडीन त्यापेक्षा शहाणे. त्याचे मणी स्राव शोषतात, ०.९ टक्के आयोडीन हळूहळू सोडतात आणि तपकिरी रंग उडाला की बदलायची वेळ झाली असे स्वतःच सांगतात. एका वेळी ५० ग्रॅम आणि आठवड्याला १५० ग्रॅम ही त्याची मर्यादा. थायरॉइडच्या रुग्णात ते टाळायचे, मूत्रपिंड अधू असेल तर जपून. क्रिएटिनिन पाहून ते बाजूला ठेवले. सिल्व्हर सल्फाडायझिन लोक जंतुनाशक मलम म्हणून लावतात, पण त्यात सल्फा आहे, म्हणजे ते प्रतिजैविकच. शिवाय त्याचा पांढरट थर मृत ऊतीसारखा दिसतो आणि खालची जखम झाकून टाकतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस समाधान देतो, बाकी काही नाही. खोल पोकळीत दाबाने सोडले तर वायूचा बुडबुडा रक्तात शिरू शकतो. ते कायमचे बंद केले.

मधाला महाराष्ट्रात संशोधनाचा इतिहास आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या जखमांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना प्रसिद्ध केली आणि मध उजवा ठरल्याचे नोंदवले. पण भाजल्याची उथळ जखम आणि तळपायाचा दाबाखालचा खड्डा यांचा न्याय एक नाही. वापरायचाच तर गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वापरावा. स्वयंपाकघरातल्या मधात क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू असू शकतात, आणि मध पाणी ओढतो म्हणून पहिले काही दिवस स्राव वाढतो. इथे स्राव आधीच जास्त होता.

उरली आम्ले. जुनाट जखम बहुधा अल्कधर्मी असते, पीएच ७ ते ९ च्या दरम्यान. निरोगी त्वचा साधारण ४ ते ६. आम्लाने पीएच उतरला की जखमेतल्या प्रथिने कुरतडणाऱ्या विकरांचा (एन्झाइमांचा) जोर कमी होतो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडते. स्यूडोमोनासला आम्ल मुळीच सोसत नाही, मग ते प्रतिजैविकांना कितीही निर्ढावलेले असो. लातूरच्या एमआयएमएसआर वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बी. एस. नागोबा आणि सहकाऱ्यांनी ३ टक्के सायट्रिक ॲसिड अनेक प्रकारच्या जुनाट जखमांवर वापरून वर्षानुवर्षे त्याचे अहवाल प्रसिद्ध केले आहेत. त्यात प्रतिरोधक जंतूंच्या जखमा आणि मधुमेही पायही आहेत. यांतल्या बऱ्याच अहवालांत तुलनेचा गट नाही हे लक्षात ठेवूनही, जिथे जंतूंची सरमिसळ आहे तिथे सायट्रिक ॲसिडचा विचार होतो. द्रावण सोपे आहे : ३ ग्रॅम औषधी दर्जाचे लिंबूसत्त्व (म्हणजेच सायट्रिक ॲसिड), निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी घालून १०० मि.ली.पर्यंत. लिंबू पिळून हे साधत नाही. लिंबाच्या रसात आम्लाचे प्रमाण याच्या जवळपास दुप्पट, शिवाय साखर, गर आणि कसलीच निर्जंतुकता नाही.

या जखमेत स्यूडोमोनासचेच राज्य होते, म्हणून १ टक्का ॲसेटिक ॲसिड निवडले. दोन्ही आम्ले एकत्र नाहीत, आलटून पालटूनही नाहीत.

आधी पाते

द्रावणाची बाटली उघडण्याआधी मृत ऊती काढल्या. पायाला संवेदना नसल्याने भूल लागली नाही. १५ नंबरच्या पात्याने कडेचा घट्टा मऊ कातडी लागेपर्यंत सपाट केला, आत वळलेल्या कडा उघड्या केल्या, तळावरची पिवळी साय रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत क्युरेटने (खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने) खरवडली. रक्त थांबायला पाच ते दहा मिनिटे दाब पुरतो. रुग्ण ॲस्पिरिनवर असेल तर थोडा जास्त वेळ धरायचा. नुसता घट्टा काढल्याने त्या जागेवरचा दाब जवळपास एक चतुर्थांशाने उतरतो. हे काम कोणत्याही मलमाला जमत नाही.

धुण्यासाठी २० मि.ली.ची सिरिंज, तिला सुई काढलेली १८ गेजची कॅन्युला, आणि सलाइन १०० ते १५० मि.ली. यापेक्षा जोरात मारले तर जंतू आत ढकलले जातात. नुसते ओतले तर साय हलत नाही.

साफसफाईनंतर माप ४.० × ३.१ सें.मी. झाले, म्हणजे लांबी गुणिले रुंदी १२.४ चौ. सें.मी. जखम 'वाढली' म्हणून घरचे हबकले. ती वाढली नव्हती, झाकलेली होती ती दिसली. पुढची सगळी तुलना या १२.४ शी करायची, आधीच्या ८.८ शी नाही. नाहीतर पहिल्या दोन आठवड्यांत प्रगती उलटी दिसते आणि विनाकारण औषध बदलले जाते.

एक टक्क्याचे द्रावण

रुग्णालयाच्या औषध विभागात : निर्जंतुक पाणी सुमारे ९०० मि.ली. घेऊन त्यात ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १० मि.ली. ओतायचे आणि पाण्याने १००० मि.ली. करायचे. आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात नाही. ग्लेशियल ॲसिड कातडी जाळते, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा हवा, आणि हे रसायन रुग्णाच्या घरी कधीच द्यायचे नाही.

घरी, दवाखान्यातली बाटली मिळणे शक्य नसेल तर, पांढरे सिंथेटिक व्हिनेगर. बाटलीवर आम्लाची टक्केवारी वाचायची. ४ टक्के असेल तर १ भाग व्हिनेगर आणि ३ भाग उकळून गार केलेले पाणी. ५ टक्के असेल तर १ भागाला ४ भाग. १०० मि.ली. व्हिनेगर आणि ३०० मि.ली. पाणी एका दिवसाला पुरून उरते. उरलेले रात्री ओतून टाकायचे. सफरचंदाचे गढूळ व्हिनेगर नको, टक्केवारी न छापलेली बाटली नको.

लावण्याची रीत अशी. हात धुवायचे. जुनी पट्टी सलाइनने भिजवून सोडवायची, ओढून काढायची नाही. जखमेभोवतीच्या कातडीला झिंक ऑक्साइडचे मलम किंवा व्हॅसलीनचा पातळ थर लावायचा. चार पदरी गॉज जखमेच्या मापाचा कापायचा, १५ ते २० मि.ली. द्रावणात बुडवून टपटप थांबेपर्यंत पिळायचा आणि फक्त जखमेत ठेवायचा. १५ ते २० मिनिटे. मधेच, दहाव्या मिनिटाला, गॉज बदलायचा, कारण जखमेतला स्राव आम्लाला थोड्याच वेळात मारून टाकतो. ॲसेटिक ॲसिडचा न विघटलेला रेणूच जंतूच्या आवरणातून आत जातो. पीएच ४.७६ च्या वर जसजसा चढतो तसतसे असे रेणू झपाट्याने कमी होतात. याच कारणाने आम्लाची पट्टी रात्रभर ठेवण्यात काही हशील नाही. आम्ल गेलेले असते आणि ओल तेवढी उरते. नंतर सलाइनने धुऊन, कोरडे टिपून, पॅराफिन गॉज आणि वर जाड शोषक पॅड. सकाळ-संध्याकाळ.

सलाइन घरी करायचे तर १ लिटर उकळलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे.

एक ताकीद ठळक अक्षरांत लिहून दिली होती : या द्रावणाबरोबर ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइटचे कोणतेही द्रावण वापरायचे नाही. आम्ल आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. एकेकाळी वॉर्डांत युसोल सर्रास असायचे, म्हणजे १९१५ साली एडिंबरोत बनलेले चुन्याच्या क्लोराइडचे द्रावण. पहिल्या महायुद्धातले डेकिनचे द्रावणही त्याच जातीचे. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे अशी 'दुहेरी' पट्टी करण्याची सवय अजून काही ठिकाणी आहे, आणि ती धोक्याची आहे. तशीच कमी धोक्याची पण फुकट जाणारी जोडी म्हणजे मृत ऊती विरघळवणारे कोलॅजेनेज आणि आयोडीन किंवा चांदी; विकर निकामी होते. नॅनोक्रिस्टलाइन चांदीची पट्टी सलाइनने ओली करणेही असेच, कारण क्लोराइड चांदीला बांधून टाकते. तिला निर्जंतुक पाणी लागते.

पहिले दहा दिवस

तिसऱ्या दिवशी वास गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी पट्टीवरचा हिरवा डाग फिकट झाला. पाचव्याच दिवशी दोन गोष्टी बिघडल्या.

जखमेच्या कडा पांढऱ्या, सुरकुतलेल्या झाल्या, पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारख्या. गॉज जखमेपेक्षा मोठा कापला जात होता आणि झिंकचा थर 'औषध आत जाऊ दे' म्हणून पुसला जात होता. गॉजचा कागदी नमुना कापून दिला, एवढ्याने भागले.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हिरवा डाग अजून पुरता गेला नाही म्हणून सूनबाईंनी एका संध्याकाळी व्हिनेगर पाणी न घालताच वापरले. जखमेचा तळ राखाडी, निस्तेज दिसू लागला. संवेदना शाबूत असलेला रुग्ण अशा वेळी ओरडतो. १ टक्क्यालाही चुरचुरते आणि चुरचुर फार वाढली की पट्टी आपोआप निघते. मज्जातंतू मेलेल्या पायात हा गजर वाजत नाही. म्हणून अशा पायावर आम्ल वापरताना 'दुखलं तर सांगा' ही सूचना निरर्थक आहे. पाहायचे ते डोळ्यांनी : तळ लालचा राखाडी झाला की थांबायचे. एक दिवस नुसते सलाइन ठेवले, तळाचा रंग परतला, मग मोजून पातळ केलेले द्रावण पुन्हा सुरू झाले. मापाचा कप घरात नव्हता, हे खरे कारण. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे टोपण दिले आणि 'एक टोपण हे, तीन टोपणे पाणी' असे सांगितले. टक्केवारी कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

दहाव्या दिवशी पट्टीवर हिरवा डाग नव्हता, स्राव निम्म्याहून कमी होता, तळाचा बहुतांश भाग लाल आणि दाणेदार होता. त्या दिवशी ॲसेटिक ॲसिड बंद केले. दोन आठवड्यांची मुदत पुरी करायची म्हणून चार दिवस आणखी नाही, आणि 'लागू पडलंय तर राहू दे' म्हणून दोन महिने तर नाहीच. स्यूडोमोनास हटल्यावर आम्ल चालूच ठेवले तर आम्लाला कमी दबणारे दुसरे जंतू जागा घेतात आणि नव्या पेशींना रोज धक्का बसत राहतो. थांबवताना जखम निर्जंतुक झाली का हे पाहायला नमुना पाठवला नाही. निर्जंतुक जुनाट जखम नसतेच, आणि अहवालात काहीतरी येणारच.

अडलेले दोन आठवडे

दुसऱ्या आठवड्याला ३.६ × २.८ (१०.१ चौ. सें.मी.), चौथ्याला ३.० × २.२ (६.६). म्हणजे चार आठवड्यांत साधारण ४७ टक्के घट. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्मे झाले तर बारा आठवड्यांत जखम बंद होण्याची शक्यता चांगली असते. इथे उंबरठ्याच्या अलीकडे काटा थांबला होता. तीन आठवड्यांचा एक्स-रे स्वच्छ. सहाव्या आठवड्यात मात्र ३.० × २.१ (६.३). हललेच नाही.

नेमक्या या क्षणी बहुतेक जखमांवर नवे मलम चढते. घरच्यांनी मधल्या काळात बाहेर काडीचा नमुना दिला होता आणि त्यात क्लेबसिएला हा दुसरा जंतू आला होता. चांदीची पट्टी सुचवलेली होती. जखमेकडे पाहिले तर लाली नाही, वास नाही, हिरवा रंग नाही. पण कडेला घट्टा पुन्हा जाड झाला होता आणि त्यात काळपट रक्ताचे ठिपके होते. अशी जखम चालण्याची तक्रार करत असते, जंतूंची नाही.

दाब कमी करण्यासाठी गुडघ्यापर्यंतचा, काढता येणारा बूट पहिल्याच आठवड्यात दिला होता. तो उलटा करून पाहिला तर महिनाभरानंतरही तळ जवळजवळ कोरा. बूट फक्त दवाखान्यात येताना चढत होता. घरात, अंगणात, गोठ्यात अनवाणी, आणि दिवसातली बरीचशी पावले तिथेच पडतात.

उपाय स्वस्त होता. तोच बूट पायात चढवून त्याच्या पट्ट्यांवरून फायबरग्लासच्या प्लास्टरचा एक थर गुंडाळला, म्हणजे घरी काढता येणार नाही. पहिला बदल ४८ ते ७२ तासांत, आत कुठे घासले का ते पाहायला; नंतर आठवड्यातून एकदा. असा बूट घालण्याआधी दोन गोष्टींची खात्री लागते, रक्तपुरवठा पुरेसा आहे आणि सक्रिय जंतुसंसर्ग नाही. दोन्ही होत्या. दुसऱ्या पायातली चपल टाच वाढवून तेवढ्याच उंचीची केली, नाहीतर कंबर धरते आणि रुग्ण बूट कापून काढतो.

इथे एक पेच लक्षात घ्यावा. दिवसातून दोनदा भिजवण्याचे कोणतेही औषध आणि आठवडाभर न उघडणारा बूट एकत्र नांदू शकत नाहीत. दहाव्या दिवशी आम्ल थांबवले नसते तर बूट बंद करणे हातून गेले असते. मलम चालू ठेवण्याची ही किंमत सहसा कोणी मोजत नाही. बुटात आठवडाभर राहील अशी शोषक फोमची पट्टी ठेवली, खाली काही औषध नाही. दर आठवड्याला घट्टा पात्याने उतरवला.

साखरेचे काम समांतर चालू होते. इन्सुलिन पहिल्या आठवड्यात सुरू झाले, उपाशीपोटीचा आकडा १३० च्या आसपास आला. त्याचा तपशील हा विषय नाही.

आठव्या आठवड्यात २.२ × १.५ (३.३), दहाव्यात १.४ × ०.९ (१.३). तेराव्यात जखमेवर कातडी आली. ती 'बरी' म्हणून नोंदवली मात्र पंधराव्यात, दोन आठवडे स्रावाशिवाय बंद राहिल्यावर.

कोणी विचारेल, या प्रकरणात सुक्रोज ऑक्टासल्फेटची पट्टी का नाही? तिच्यामागे बरा पुरावा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्सप्लोरर चाचणीत २४० रुग्णांपैकी या पट्टीच्या गटात २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा बंद झाल्या, साध्या पट्टीच्या गटात ३० टक्के. पण ते रुग्ण मज्जातंतू आणि रक्तपुरवठा दोन्ही बिघडलेले, जंतुसंसर्ग नसलेले होते. या रुग्णाचा रक्तपुरवठा ठीक होता आणि अडचण दाबाची होती. अंगठ्याचा दाब ४० च्या आसपास असता आणि बूट बंद करूनही जखम अडली असती, तर तिचा खर्च सुचवला असता.

बंद झाल्यावर

भरलेल्या जागेवरची कातडी पातळ असते, आणि मधुमेही पायाच्या बऱ्या झालेल्या जखमा वर्षभरात दर दहांपैकी सुमारे चार जणांत पुन्हा उघडतात. बूट एकदम काढला नाही. दोन आठवडे तो काढता येण्याजोगा ठेवून, रोज एक-दोन तासांनी वाढवत एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या मऊ) रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चपल दिली. एक जोड बाहेरचा, एक घरातला, कारण घरात अनवाणी चालण्यावर दुसरा इलाज नव्हता. घट्टा पाहण्यासाठी पहिले तीन महिने दर तीन आठवड्यांनी भेट. सूनबाईंना रोज संध्याकाळी दोन्ही तळपायांवर एकाच वेळी हाताची पालथी बाजू ठेवायला शिकवले. शक्य असेल तिथे त्वचेचा थर्मामीटर द्यावा. एका पायाची तीच जागा दुसऱ्या पायापेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून जास्त गरम दोन दिवस सलग लागली, तर चालणे कमी करायचे आणि जखम दिसण्याची वाट न पाहता यायचे.